लोकर आणि कातडे

इंदूरहून उज्जैनकडे जाणाऱ्या रस्त्यावर सांवेर हे तहसिलीचे गाव लागते. माळव्याच्या काळ्याभोर मातीचा हा प्रदेश. मारवाडात चारा-पाणी आटले की तिकडचे रायका मेंढपाळ आपले कळप हाकीत याच माळव्यात उतरतात. पीक निघालेल्या रानात शेतकरी त्यांच्या मेंढ्या बसवितो. त्याच्या शेताला खत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा चार पैसे मिळतात. मेंढीची लोकर कातरीने उतरविली जाते आणि कातरलेली मेंढी अंग झटकून पुन्हा कळपात शिरते. मेंढपाळ हा कोणी वैरागी नव्हे. त्याने विकलेले एडके अखेर खाटकाच्याच दारी जातात. परंतु निदान घोंगडीसाठी तरी मेंढीला प्राण द्यावा लागत नाही.

या मुलुखावर ज्या होळकरांनी राज्य केले ते मूळचे धनगरच. त्याच घराण्यातील अहल्याबाईंविषयी सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात एक हकीकत नोंदवून ठेविली आहे. महेश्वरच्या आसपास औताला जुंपलेले बैल बाईंचे सेवक मध्येच थांबवीत आणि त्यांना पाणी पाजीत. इतर शेतांतून हाकलून लावलेली पाखरे बाईंच्या शेतांत थव्यांनी उतरत. त्यांना कोणी उडवून लावीत नसे. जनावराकडून काम घ्यावे, पण त्याची तहानही जाणावी, असा हा व्यवहार होता.

फरच्या व्यापारात असा व्यवहार संभवतच नाही. फर म्हणजे केसांसकट कमावलेले कातडे. ते जिवंत प्राण्याच्या अंगावरून कातरून घेता येत नाही. कोटाला, टोपीला वा गळ्याभोवतीच्या पट्टीला जितकी कातडी लागतील तितके जीव गेलेलेच असतात. पुन्हा कातड्याला भोक पडता कामा नये, म्हणून मारण्याच्या रीतीही तशाच शोधलेल्या. मिंक नावाचा पाण्याच्या काठी वावरणारा चपळ प्राणी तारेच्या अरुंद पिंजऱ्यात जन्म काढतो आणि विषारी वायूने गुदमरून मरतो. कोल्ह्याला विजेचा धक्का देतात. रानात लोखंडी सापळे लावतात. त्यांत पाय अडकलेले जनावर पारधी येईपर्यंत तसेच तडफडत राहते. २०२० साली डेन्मार्कमधील पिंजऱ्यांतून कोरोनाची साथ शिरली, तेव्हा त्या चिमुकल्या देशाने दीड कोटीहून अधिक मिंक मारून पुरले. एका देशात, केवळ कोटांसाठी, इतके प्राणी कोंडलेले होते हे पुष्कळांना तेव्हाच प्रथम कळले.

‘हे सारे थंड देशांचे पाप, आपला त्याच्याशी काय संबंध?’ असे म्हणून येथील माणूस सहज मोकळा होतो. तो तसा मोकळा नाही, हे दाखविण्याचे काम पुण्यात झाले. इंग्लंडात १९५९ साली लेडी म्युरिएल डाउडिंग यांनी ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’, म्हणजे क्रौर्याविना सौंदर्य, ही संस्था स्थापिली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या लढाऊ विमानदलाचे नेतृत्व करणाऱ्या डाउडिंग यांच्या या पत्नी. नुसत्या निषेधाने भागणार नाही हे ओळखून त्यांनी कृत्रिम फरच्या पोशाखांची प्रदर्शने भरविली. या संस्थेची भारतीय शाखा १९७४ साली डायना रत्नागर यांनी पुण्यात सुरू केली.

लवकरच तिच्यापुढे घरचाच प्रश्न उभा राहिला. कराकुल जातीच्या मेंढ्या परदेशांतून आणून राजस्थानात बिकानेर येथे त्यांची पैदास करण्याचा सरकारी उपक्रम त्या दशकात सुरू झाला होता. वाळवंटातील गरीब मेंढपाळाला चार पैसे अधिक मिळावेत, हा हेतू वरवर पाहता चांगलाच. पण कराकुलची खरी किंमत मेंढीच्या लोकरीला नसून नवजात कोकराच्या कातड्याला असते. जन्मतः त्याच्या अंगावर घट्ट, तुकतुकीत कुरळे वेटोळे असतात. थोड्याच दिवसांत ते सैल होतात आणि बाजारात कातड्याचा भाव उतरतो; म्हणून कोकरू जन्मल्यापासून एक-दोन-तीन दिवसांतच मारावे लागते. त्याहून मऊ कातडे हवे असेल तर ते गर्भातल्या कोकराचे घेतात. रुबाबदार कराकुली टोपीचे मूळ हे असे आहे. पुण्याच्या संस्थेने याविरुद्ध आवाज उठविला आणि टोपी घालणाऱ्यांना ती कशाची आहे हे सांगण्यास आरंभ केला. अनेकांना ते खरोखरच ठाऊक नव्हते.

येथेच या चळवळीचे मर्म आहे. क्रूर माणसाला दयाळू करणे हे तिचे मुख्य काम नव्हे, ते तिच्याच्याने होणारही नाही. दयाळू माणसाला सुखाने अज्ञानात ठेवणारी जी गोष्ट व्यापारी सांगतो, ती मोडून काढणे हे तिचे काम. शाहतूशची कथा याचा उत्तम दाखला होय.

शाहतूशची शाल अंगठीतून पार होते, ही तिची ख्याती. तिची लोकर चिरू नावाच्या तिबेटी हरणाची. चार-पाच हजार मीटर उंचीवरच्या पठारावरील थंडीत तगून राहण्यासाठी निसर्गाने त्याला दिलेली ती मऊ ऊब. उन्हाळ्यात चिरूची लोकर आपोआप गळते, झुडपांना अडकते आणि डोंगरातले लोक ती वेचून आणतात, अशी हकीकत पिढ्यान्पिढ्या गिऱ्हाइकाला ऐकविली गेली. किती निष्पाप चित्र! जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या अखेरीस तिबेटी पठारावर वर्षानुवर्षे हिंडून जे पाहिले ते निराळेच होते. त्या पठारावर झुडपेच विरळा. लोकर येत होती ती गोळ्या घालून मारलेल्या कळपांच्या सोललेल्या कातड्यांवरून. एका शालीसाठी तीन ते पाच चिरू लागतात. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लाखोंच्या संख्येने असलेला हा प्राणी त्या शतकाच्या शेवटच्या दशकात पाऊण लाखाच्या आसपास उरला, असा शॅलर यांचा अंदाज होता. त्याच्या रक्षणासाठी झगडणारे सोनम दारगे या तिबेटी अधिकाऱ्याला १९९४ साली शिकाऱ्यांनी ठार केले.

चिरूच्या मालाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७९ पासूनच निषिद्ध होता. पण शाली विणल्या जात होत्या त्या काश्मिरात, आणि तेथील कायदा २००२ साली बदलला तेव्हा कुठे विणकाम उघडपणे बंद झाले. यात श्रीनगरच्या सूत कातणाऱ्या स्त्रिया आणि विणकर भरडले गेले, हे नाकारण्यात अर्थ नाही. चिरू त्यांनी मारला नव्हता, आणि नफ्याचा मोठा वाटाही त्यांच्या हाती कधी आला नव्हता. त्यांना पश्मिन्याचा रास्त भाव मिळवून देणे हेही चळवळीचेच काम मानले पाहिजे. पश्मिना विंचरून काढतात. शेळी जिवंत राहते.

महाराष्ट्रात सभा म्हटली की शाल-श्रीफळ आलेच. नारळ गोडा आहे की खवट, हे घरी गेल्यावर तरी पाहिले जाते. शाल कशाची, हे कोणी पाहत नाही. त्या बहुतेक शाली यंत्रमागावरच्या स्वस्त धाग्याच्या असतात, हे जनावरांचे नशीबच म्हणायचे.

मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांची कातडी तसेच सरपटणाऱ्या प्राण्यांची कातडी यांच्या आयातीवर भारत सरकारने जानेवारी २०१७ मध्ये बंदी घातली. ब्रिटनने तर २००० सालीच फरसाठी प्राणी पाळण्याविरुद्ध कायदा केला होता. आपल्या बंदीच्या त्या यादीत कराकुल कोकराचे नाव मात्र नव्हते. चिरूची संख्या पुन्हा वाढू लागली असून २०१६ साली जागतिक निसर्गसंरक्षण संघाने त्याला अधिक धोक्याच्या वर्गातून खाली आणले.

तरीही जुन्या शाली श्रीमंतांच्या कपाटांतून आणि विमानतळांवरच्या तपासणीतून अद्याप बाहेर पडतात. पकडलेली शाल शाहतूशचीच आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध करावे लागते. तेव्हा तपासनीस मऊ लोकर बाजूला सारून तिच्यात गुंतलेले चिरूच्या वरच्या अंगाचे राठ केस शोधतात. मेलेल्या जनावराच्या कातड्यावरून लोकर उपटताना तेही सोबत येतात आणि विणकराच्या कितीही निवडक हातांतून एखादा तरी निसटून शालीत राहतोच.