इंदूर-नागपूर : अंतर आणि अवधी



ज्या लालबागेच्या प्रांगणात ही सभा भरली आहे, त्या राजवाड्याचे बांधकाम १८८६ ते १९२१ असे प्रदीर्घ काळ चालले. होळकर संस्थानाने पुढे १९३५ मध्ये शहराच्या पश्चिमेस, बिजासन टेकडीनजीक, विमानतळासाठी जागा हेरली. २०११ मध्ये त्यास देवी अहिल्याबाईंचे नाव देण्यात आले.

तेथून नागपूरचे सोनेगाव विमानतळ सरळ रेषेत सुमारे ३८० किलोमीटर भरते. भूमीवरून मात्र नर्मदा ओलांडावी लागते, सातपुडा चढावा-उतरावा लागतो. रस्ता साडेचारशेच्या घरात जातो. आगगाडी तर भोपाळ-इटारसीचा वळसा घेते.

पंख्यांचे ए.टी.आर. विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते. या हिशेबाने पाऊण तास पुरावा. वेळापत्रकात मात्र तासाभराचा अवधी धरलेला असतो. हिशेब चुकलेला नसतो. धावपट्टीपर्यंत सरकणे, उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वेग आवरणे, या गोष्टींस लागणारा वेळ अंतर कमी झाले म्हणून घटत नाही. अंतर निम्मे म्हणजे वेळही निम्मा, ही समजूत म्हणूनच फसवी ठरते. विमानतळावर आधी पोहोचण्याची सक्ती आणि शहरातील रहदारी मिळवली, की तासाचे चार तास सहज होतात. (जाहिरातीत हे चार तास कधी दिसत नाहीत.)

तरीही सातपुड्यातील दिवसभराची दगदग वाचते. नागपुरास आजारी असलेल्या आईकडे सकाळी निघालेल्या इंदूरच्या लेकीस दुपारचे औषध स्वहस्ते देता येते.