अपक्वाहार, प्रवास आणि पंगत

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या चिटणीसांनी मला आहाराविषयी चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. गेली सहा वर्षे मी बहुतांशी न शिजविलेले अन्न खात आलो आहे, एवढाच माझा अधिकार. परंतु चिटणीस म्हणाले, “तुम्ही काय खाता ते आम्हांस ठाऊक आहे. असे असूनही लोक तुम्हांस जेवावयास बोलावतात कसे, तेवढे सांगा.” प्रश्न मार्मिक होता, म्हणून आपल्यासमोर उभा आहे.

घरी राहून अपक्वाहार पाळण्यात विशेष पुरुषार्थ नाही. मोड आलेले मूग वा मटकी, काकडी, गाजर, ओले खोबरे, भिजविलेले शेंगदाणे आणि ऋतूतील फळ एवढ्या सामग्रीवर एक माणूस सुखाने जेवतो. खरी परीक्षा उंबरठा ओलांडला म्हणजे सुरू होते.

पहिल्याच वर्षी, ऐन मे महिन्यात, मी नागपूरकडे निघालो असता मोड आलेल्या मटकीचा डबा बरोबर घेतला होता. मनमाड येईतो त्यास आंबूस वास सुटला, आणि शेजारच्या बाकावरील गृहस्थांनी सभ्यपणे खिडकीकडे तोंड फिरविले. तेव्हापासून उन्हाळ्यात मोड घरीच राहतात. बरोबर असतात ते खजूर, शेंगदाणे, दोन लिंबे, एक सुरी आणि पिण्याचे पाणी. शेंगदाणे निघताना भिजत घातले की सायंकाळी खाण्याजोगे होतात. फलाटावर फळ घ्यावयाचे ते आपल्या हाताने सोलता येईल तेवढेच. चिरून ठेवलेले कलिंगड कितीही रसरशीत दिसो, आपल्या आधी माशीने ते चाखलेले असते. जळगावची केळी आणि नागपूरची संत्री ज्या प्रांतात पिकतात, तेथील प्रवाशाने उपाशी राहिल्याची तक्रार करू नये.

भाषेचीही एक गंमत सांगतो. काशीस एका वृद्ध आचाऱ्यास मी मोठ्या ऐटीत सांगितले की, मला ‘कच्चा खाना’ हवा. त्याने वाफाळलेला वरणभात आणि पोळी आणून ठेवली! उत्तरेकडील जुन्या परिभाषेत पाण्यात शिजविलेली ती ‘कच्ची’ रसोई आणि तुपात तळलेली ती ‘पक्की’. माझ्या व्रताला त्या शब्दकोशात जागाच नव्हती.

आता पंगतीकडे वळतो. आपल्या पूर्वजांनी पानाची डावी बाजू माझ्यासारख्यांसाठीच राखून ठेवली असावी, असे मला कधी कधी वाटते. मीठ, लिंबू, कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी यांवर माझे भागते. वाढणाऱ्यास हळूच सांगावे, “डावी बाजू दोनदा वाढा.” तो हसतो आणि वाढतो. पंगतीतून उठावे लागत नाही, आणि यजमानीणबाईंना वेगळा खटाटोप पडत नाही. चैत्रातील हळदीकुंकवाची आंबेडाळ तर भिजविलेल्या हरभऱ्याच्या डाळीचीच. तिच्यावरील फोडणीकडे मी डोळेझाक करतो.

परंतु एक प्रसंग असा आला की, तेथे ही युक्ती चालली नाही, आणि तोच सांगण्यासाठी मी येथवर आलो. माझ्या कचेरीतील एका सहकाऱ्याने नवे घर बांधले. वास्तुशांतीस आम्ही सर्वजण गेलो. तो आपल्या ज्ञातीचा नव्हे. ज्यांच्या हातचे पाणी एके काळी आपल्या घरांतून घेतले जात नसे, अशा समाजातील तो. ताट पुढे येताच मी सवयीप्रमाणे म्हणालो, “मी शिजविलेले घेत नाही, एखादे फळ द्या.” त्याच्या वृद्ध वडिलांनी केळी आणून ठेवली, आणि कसलाही कडवटपणा न दाखविता ते म्हणाले, “पूर्वीही मोठी माणसे आमच्याकडे असेच म्हणायची. फळ चालते म्हणायची.”

बंधूंनो, मी जागच्या जागी थिजलो. सोवळ्याच्या नियमात शिजलेल्या अन्नास विटाळ होई, फळास वा कोरड्या शिध्यास सहसा होत नसे. प्रवासात आपले आजोबा फलाहार करीत अथवा शिधा घेऊन स्वतः शिजवीत, ते याच हिशेबाने. माझे व्रत प्रकृतीसाठी होते, हे मला ठाऊक होते. पण त्या म्हाताऱ्यास ते कसे कळावे? त्याच्या कानांनी तेच जुने वाक्य ऐकले. मी केळी बाजूस ठेवली आणि ताट ओढून घेतले. भाकरी, पिठले, भात सर्व खाल्ले आणि पिठले पुन्हा मागून घेतले. त्या दिवशी व्रत मोडले, याची मला खंत नाही. ते आधीच्या क्षणी का मोडले नाही, याची मात्र आहे.

व्रत सोडण्यात कमीपणा मानू नये, याचा दाखला थोरांच्या चरित्रातही आहे. 1929 च्या उन्हाळ्यात गांधीजींनी न शिजविलेल्या अन्नाचा प्रयोग केला आणि आश्रमातील काहींनीही तो केला. पुढे पोटाच्या विकाराने त्यांना तो सोडून पुन्हा शेळीचे दूध सुरू करावे लागले. आरंभ जसा त्यांनी ‘यंग इंडिया’तून जाहीर केला होता, तसेच प्रयोग सोडल्याचेही त्यांनी लपविले नाही.

माझाही हट्ट पूर्वीइतका राहिलेला नाही. रक्ततपासणीत ब-12 हे जीवनसत्त्व कमी निघाले. ते वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दूध घ्यावयास सांगितले. तेही तापवूनच, कारण धारोष्ण दुधाचे गोडवे कितीही गाइले गेले असले, तरी कच्च्या दुधातून क्षयासारखे रोग पसरू शकतात. कच्चा राजमा तर, मोड आलेला असला तरी, विषारीच. गर्भवती भगिनींनी, लहान मुलांनी आणि वृद्धांनी माझे अनुकरण मुळीच करू नये.

गेल्या पौषात त्या सहकाऱ्याच्या वडिलांनी गावाहून हरभऱ्याच्या हिरव्यागार डहाळ्यांची एक पेंढी मुलाबरोबर माझ्या घरी पाठविली. सोबत निरोप होता, “हे मात्र शिजवू नका.”