एका खोलीतल्या चार बोली



आपल्या पोरी आता बारावीनंतर शिकायला गडचिरोली, चंद्रपूरला जातात. २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ सुरू झालं आणि दोन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं त्याला जोडली गेली. आधी ती नागपूर विद्यापीठाकडे होती. त्यामुळे सिरोंचाची तेलुगू बोलणारी, भामरागडची माडिया, मुलचेऱ्याची बंगाली आणि ब्रह्मपुरीकडची झाडीबोली बोलणारी पोरगी एका वर्गात, कधी एका खोलीतही येते.

एकत्र राहिल्या की मैत्री आपोआप होईल, असं आपल्याला वाटतं. पण सुट्टीत आलेल्या पोरी आईजवळ वेगळंच सांगतात. कोणी बोलण्यावर हसतं, कोणी ताटातली मासोळी पाहून नाक मुरडतं, कोणी ‘जंगलातली’ म्हणतं. एखादी कंटाळून बॅग भरून घरी येते. मग घरचे म्हणतात, बरं झालं, आता स्थळ पाहू. शिक्षण तिथंच सुटतं.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एका पुस्तकात हेच मांडलं. नुसतं जवळ राहून मनातली अढी जात नाही. त्यासाठी सगळ्यांचा मान सारखा हवा, हेतू एक हवा, काम मिळून करायला हवं आणि वरच्या माणसांचं पाठबळ हवं.

बायांनो, हे तर आपल्या बचत गटात रोजचंच आहे! बचत सगळ्यांची सारखी, बसायचं गोल करून, कर्जाचा निर्णय सगळ्यांनी मिळून. म्हणून वेगवेगळ्या जातीच्या, बोलीच्या बाया एका सतरंजीवर बसतात. कॉलेजातही पोरी एकत्र अभ्यास करतात, कबड्डी खेळतात, शिबिरात श्रमदान करतात, तेव्हा एकमेकींना नावाने ओळखू लागतात.

मग गंमतही कळते. तीनला गोंडीत ‘मुंद’, तेलुगूत ‘मूडु’. चारला गोंडीत ‘नालुंग’, तेलुगूत ‘नालुगु’. या दोन्ही एकाच द्रविड कुळातल्या भाषा. मराठी आणि बंगाली दुसऱ्या कुळातल्या बहिणी. तीन आणि चार हे आकडे दोघींकडे जवळपास सारखेच. ज्या बोलीवर हसलो, ती आपल्याच शेजारणीच्या भाषेची बहीण निघते.

काही आयांना भीती वाटते, पोरगी तिथं जाऊन आपली बोली विसरेल. पण जिला आपल्या बोलीची लाज वाटायला लावली, तीच बोली सोडते. जिला मैत्रीण विचारते, ‘याला तुमच्यात काय म्हणतात?’ ती बोली जपते.

आपण काय करायचं? पोरीची मैत्रीण घरी आली तर आधी जात विचारू नका, पाणी द्या. तिला वेगळा गिलास काढू नका. चुलीजवळ बसून आपण इतरांना नावं ठेवतो, तेच शब्द पोरी वसतिगृहात घेऊन जातात. पोरगी हिरमुसून परत आली, तर लगेच स्थळ पाहू नका. काय झालं ते विचारा, गटातल्या दोघी-तिघी सोबत जा आणि वसतिगृहाच्या बाईंशी बोला.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एवढं नक्की विचारा: आपल्या गावच्या किती पोरी बाहेर शिकतात, आणि त्यातली कोणी मधेच परत आली का?

जोहार!