विलंबाची किंमत कोण मोजतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



निवाऱ्याच्या प्रश्नावर आपण आजवर पुष्कळ बोललो आणि लढलो आहोत. झोपडपट्टीवासीयांचे पुनर्वसन, गिरणी कामगारांची घरे, जुन्या चाळींतील भाडेकरूंचे संरक्षण हे आपल्या जिव्हाळ्याचे विषय राहिले आहेत. आज मी ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, तो या मानाने किरकोळ वाटेल. विषय आहे घराच्या खरेदी-विक्रीत होणाऱ्या विलंबाचा. ज्याच्यापाशी विकण्याजोगे घर आहे किंवा घर घेण्याइतकी ऐपत आहे, त्याच्या गैरसोयीची चिंता आपण कशासाठी करावी, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देणे हाच या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम हे लक्षात घ्या की, आपल्या शहरांतील शिक्षक, परिचारिका, एस. टी. वाहक, कारकून, कुशल कामगार यांच्या आयुष्यभराच्या श्रमांची बचत बहुधा एकाच ठिकाणी साठलेली असते. ते ठिकाण म्हणजे त्यांची दोन खोल्यांची सदनिका. धनिकाची संपत्ती भाग, रोखे, जमीन, सोने अशी दहा ठिकाणी विखुरलेली असते. त्यातील एक व्यवहार अडला, तर तो दुसरा करतो. श्रमिकाचा एकुलता एक व्यवहार अडला की त्याचे आयुष्यच अडते. म्हणून विलंब सर्वांना सारखाच लागू होतो हे म्हणणे वरवरचे आहे. घड्याळ सर्वांचे सारखे चालत असले, तरी थांबण्याची ताकद सर्वांची सारखी नसते. ॲडम स्मिथने १७७६ साली मजुरीच्या वाटाघाटींसंबंधी हेच निरीक्षण नोंदविले होते. मालक दीर्घकाळ तग धरू शकतो, कामगाराला ते शक्य नसते, आणि म्हणून करार मालकाच्या अटींवर होतो. घराच्या बाजारालाही हा नियम तंतोतंत लागू पडतो.

आता या विलंबाचे मूळ पाहू. आपल्याकडे १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये जी नोंद होते ती दस्तऐवजाची होते, मालकीहक्काची नव्हे. अमुक व्यक्तीने तमुक व्यक्तीस अमुक मिळकत लिहून दिली, एवढेच दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील नोंद सांगते. लिहून देणाऱ्यास तसा अधिकार होता की नाही, याची हमी शासन घेत नाही. याउलट दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली टॉरेन्स पद्धती सुरू झाली, तेव्हापासून तेथे शासकीय नोंदवहीतील नाव हाच मालकीचा पुरावा मानला जातो. आपल्याकडे मात्र प्रत्येक नव्या खरेदीदाराने वकिलाकरवी साधारणतः मागील तीस वर्षांचे दप्तर नव्याने धुंडाळावयाचे असते. दहा वर्षांत एकच सदनिका तीनदा विकली गेली, तर तेच दप्तर तीनदा चाळले जाते आणि शुल्कही तीनदा भरले जाते. शासन मात्र प्रत्येक खेपेस किमतीच्या साधारणतः ५ ते ७ टक्के इतके मुद्रांक शुल्क वसूल करते. एवढी रक्कम देऊन नागरिकाच्या पदरात काय पडते? एक नोंद आणि तिच्याबरोबर येणारी अनिश्चितता.

त्यात करार आणि हस्तांतरण यांमधील अंतराची भर पडते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते की, विक्रीच्या नुसत्या करारामुळे मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. म्हणजे विसार देऊन झाला, जुने घर सोडण्याची तयारी झाली, मुलांच्या शाळा बदलल्या, तरी खरेदीखत होईपर्यंत खरेदीदार कायद्याच्या दृष्टीने अधांतरीच असतो. विक्रेताही तितकाच अधांतरी असतो, कारण त्या विसाराच्या भरवशावर त्याने दुसरीकडे शब्द दिलेला असतो.

हे प्रत्यक्षात कसे घडते, याचे माझ्या परिचयातील एक उदाहरण सांगतो. एका निवृत्त परिचारिकेस शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी उपनगरातील आपली सदनिका विकून लहान जागेत जावयाचे होते. सदनिका पतीच्या नावे होती. त्यांनी ती मूळ सदनिकाधारकाकडून घेतली होती. पतीच्या निधनानंतर नामनिर्देशनामुळे गृहनिर्माण संस्थेने बाईंचे नाव भाग दाखल्यावर लावले होते. बाईंना वाटले, आपण मालक झालो. एका शाळाशिक्षकाशी व्यवहार ठरला. त्याच्या बँकेने सांगितले की, नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे, दोन्ही मुलांचे हक्कसोडपत्र हवे. मुलगा परदेशी, म्हणून वकिलातीतून मुखत्यारपत्र मागवावे लागले. ते येथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करणे आवश्यक असते, हे कोणी सांगितले नाही. मुदत उलटली आणि ते पुन्हा मागवावे लागले. तोवर बँकेने दुसरी त्रुटी काढली: विकासकाने मूळ सदनिकाधारकाशी केलेला पहिला करार मिळत नव्हता. मग पोलिसांत तक्रार, वृत्तपत्रात जाहीर सूचना, निबंधकाकडे प्रमाणित प्रतीसाठी अर्ज. दरम्यान शिक्षकाच्या कर्जमंजुरीची मुदत संपली आणि त्या गृहस्थांनी नाइलाजाने व्यवहार सोडला.

यानंतर जे घडले ते खरे महत्त्वाचे आहे. एक दलाल एका व्यापाऱ्यास घेऊन आला. त्याला बँकेची गरज नव्हती. कागदपत्रांचे काय ते मी पाहतो, म्हणाला. मात्र किंमत बरीच कमी सांगितली आणि त्यातीलही काही भाग रोखीने देऊ केला. शस्त्रक्रिया थांबणारी नव्हती. बाईंनी सही केली. तीच कागदपत्रे त्या व्यापाऱ्याने सवडीने पूर्ण केली आणि सदनिका बाजारभावाने विकली. घराच्या भिंती त्याच होत्या, एक वीटही नवी लागली नाही. फरक एवढाच की, एकास थांबणे शक्य नव्हते आणि दुसऱ्यास होते. त्या थांबण्याचाच हा नफा.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास यात नवल वाटणार नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, मालाच्या गुणवत्तेविषयी खरेदीदारास खात्री नसेल, तर चांगला मालही वाईटाच्या भावाने विकावा लागतो. सदोष कागदपत्रांच्या घराचे तसेच होते. बँकेच्या कर्जावर घर घेणारा पगारदार त्या बाजारातून आपोआप बाहेर फेकला जातो आणि उरतो तो रोख पैसेवाला. म्हणजे कागदाचा दोष हा काळ्या पैशाचा प्रवेशपरवाना ठरतो. दुसऱ्या बाजूस खरेदीदाराचा हिशेब करा. ४० लाखांच्या कर्जावर वार्षिक ९ टक्के व्याज धरले, तर महिन्याचे व्याज होते ३० हजार रुपये. रक्कम विकासकास देऊन झाली आणि ताबा वर्षभर लांबला, तर जुन्या जागेचे भाडे भरता भरता ३ लाख ६० हजार रुपये केवळ व्याजापोटी जातात. हा कर कोणत्याही अंदाजपत्रकात दाखविलेला नसतो.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा १९६३ पासून आहे. इमारत बांधणाऱ्याने सहकारी संस्था स्थापन करून जमिनीचे अभिहस्तांतरण तिच्या नावे करून द्यावे, असे बंधन त्यात आहे. पुष्कळ विकासकांनी ते पाळले नाही, कारण जमीन नावावर ठेवल्याने पुढेमागे वाढणाऱ्या चटईक्षेत्रावर हक्क सांगता येतो. अखेर २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. विकासक सही करीत नसेल, तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून संस्थेला जमीन आपल्या नावे करून घेता येते. तरीही अनेक संस्थांच्या पायाखालची जमीन आजही दुसऱ्याच्याच नावे आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने आणि २०१७ पासून कार्यरत असलेल्या महारेराने नव्या बांधकामांत निश्चित सुधारणा केली. ग्राहकांच्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, आणि ताबा लांबल्यास व्याज वा परतावा मागता येतो. परंतु आदेश मिळणे आणि पैसे मिळणे यांत पुन्हा जिल्हाधिकारी कार्यालयातील वसुलीची रांग उभी राहते. शिवाय जुन्या घराच्या पुनर्विक्रीस हा कायदा लागूच नाही.

येथे एक धोका स्पष्ट केला पाहिजे. विलंबाविरुद्ध ओरड करणारे आपण एकटे नाही. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनाही तीच ओरड करतात आणि त्यावर निर्बंध उठविण्याचा उपाय सुचवितात. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्रात २००७ साली रद्द झाला, तो जमीन मोकळी होईल आणि घरे स्वस्त होतील या आश्वासनावर. घरे स्वस्त झाली नाहीत, हे आपण पाहतोच आहोत. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागांत १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. आणि २०१२ साली केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने नागरी घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख सांगितली, तीही ९५ टक्क्यांहून अधिक दुर्बल व अल्प उत्पन्न गटांतील. घरे आहेत, पण गरजवंतांपाशी नाहीत. ही समस्या केवळ वेगाने सुटणारी नव्हे.

म्हणून विलंबा-विलंबांत भेद केला पाहिजे. काही विलंब दुर्बलाचे रक्षण करतो. फेरफार नोंदविण्यापूर्वी हितसंबंधितांस नोटीस देऊन हरकतीसाठी १५ दिवस थांबावे लागते, ते योग्यच आहे. कन्येस वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली दिला. पण व्यवहाराची घाई पुढे करून बहिणींच्या सह्या हक्कसोडपत्रावर कशा घेतल्या जातात, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. आदिवासींची जमीन विकण्यास पूर्वपरवानगी लागते, तेथील विलंब ही ढाल आहे. परंतु पाच महिन्यांत पाच वेळा पाच निरनिराळ्या त्रुटी काढणारा विलंब कोणाचेही रक्षण करीत नाही. तो फक्त दलालाची उपजीविका चालवितो. कसोटी सोपी आहे. या थांबण्याने दुबळ्याच्या हाती काही पडते, की त्याच्या हातचे काही जाते, एवढेच विचारावे.

शासनास मनात आले, तर वेग येतो हेही आपण पाहिले आहे. सप्टेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात मुद्रांक शुल्कात मुदतीची सवलत दिली गेली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईतील दस्तनोंदणी नेहमीच्या दुपटीहूनही पुढे गेली, आणि त्याच यंत्रणेने ती पार पाडली. कार्यक्षमता कोणासाठी व कशासाठी वापरावयाची, हा राजकीय निर्णय असतो.

मग आपण काय मागावे? पहिली मागणी: प्रत्येक कार्यालयाने, संस्थेने व बँकेने सर्व त्रुटी एकाच वेळी आणि लेखी कळवाव्यात, नंतर नवी त्रुटी काढावयाची तर कारण द्यावे. दुसरी: मुद्रांक शुल्काच्या उत्पन्नातील निश्चित वाटा मालकीहक्काची शासकीय हमी देण्याच्या कामी लावावा. तिसरी: नव्या बांधकामासाठी जसे स्वतंत्र खाते आहे, तसेच पुनर्विक्रीतील विसाराची रक्कम विश्वस्त खात्यात राहावी आणि व्यवहार कोणामुळे मोडला हे पाहून तिचा निवाडा अल्प मुदतीत व्हावा. चौथी: गृहनिर्माण संस्थांच्या कारभाराची. सदनिकेच्या हस्तांतरणावर महापालिका क्षेत्रात २५ हजार रुपयांहून अधिक अधिमूल्य घेता येत नाही, असे शासनाने २००१ साली ठरविले; सभासदत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय न कळविल्यास सभासदत्व मिळाले असे मानण्याची तरतूद सहकार कायद्यात आहे. तरीही देणगीच्या नावाखाली अडवणूक चालते. अडविणारे हे आपलेच शेजारी असतात, कित्येकदा आपल्याच विचारांचेही असतात. सहकार म्हणजे शेजाऱ्याच्या अडचणीचा भाव ठरविणे नव्हे, हे त्यांना आपणच सांगितले पाहिजे.

आणि मागण्यांच्या जोडीला काम हवे. मृणालताई गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे गोरेगावच्या दिंडोशीत हजारो कुटुंबांची घरे उभी केली, ती केवळ मोर्चे काढून नव्हे. कायद्याचे कलम न् कलम वाचून आणि मंत्रालयातील प्रत्येक फाइलीचा पाठपुरावा करून. तीच चिकाटी आज निराळ्या कामी लावता येईल. प्रत्येक प्रभागात आठवड्यातून एक संध्याकाळ कागदपत्रांचे साहाय्य केंद्र चालवा. आपल्या भागातील किती संस्थांचे अभिहस्तांतरण राहिले आहे, याची यादी करा आणि त्यांचे अर्ज भरवून घ्या. नामनिर्देशन व वारसा यांतील भेद लोकांना संकट येण्यापूर्वी समजावून सांगा. बहिणीच्या सहीपूर्वी तिला तिचा हक्क सांगणारे कोणी तरी तेथे असू द्या. यांतील एकाही कामासाठी नवा कायदा व्हावा लागत नाही.

ज्या समाजात थांबण्याची ऐपत हीच मोठी मालमत्ता होऊन बसते, तेथे प्रत्येक अनावश्यक दिवस गरिबाच्या खिशातून निघून श्रीमंताच्या खात्यात जमा होतो. ही वजाबाकी जितकी निमूट, तितकीच नियमित चालते. तिचा हिशेब मांडणे आणि तो लोकांपुढे ठेवणे हे आपले काम आहे.