रंगाचं नाव पुसू नका

मी बेंगळुरूमध्ये व्हिनाइलवर आणि कापडावर मोठ्या आकाराची छपाई करतो. आज एका नारिंगी रंगाबद्दल बोलणार आहे. त्यानं मला एक अख्खं काम फुकटात पुन्हा करायला लावलं.

एका दुकानाच्या पाट्या होत्या. लोगोचा रंग पँटोन ऑरेंज ०२१. स्क्रीनवर झकास दिसला, छापून टाकला. पाट्या लागल्या आणि फोन आला, "अहो, हा विटकरी दिसतोय!" त्यांचं व्हिजिटिंग कार्ड पाटीवर धरलं आणि माझी बोलतीच बंद झाली.

कार्ड छापणाऱ्यानं त्या रंगाचीच शाई वापरली होती. स्पॉट कलर म्हणतात तो हाच. आपल्या मशीनमध्ये तो डबा नसतो. सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा यांच्या ठिपक्यांतून रंग जुळवायचा असतो. हे जुळवण्याचं काम रिप सॉफ्टवेअर करतं. फाइलमधलं रंगाचं नाव वाचून ते आपल्या यादीत शोधतं आणि त्या मशीनला, त्या मटेरियलला साजेसं मिश्रण काढतं. आमच्या फाइलमध्ये रंग आधीच सीएमवायके करून ठेवला होता. नावच पुसलं, तर रिप शोधणार काय? नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी तीच गत.

पण नाव बरोबर असलं तरी रिपचे आकडे ही फक्त सुरुवात असते. ज्या व्हिनाइलवर काम होणार, त्यावरच मॅजेंटा आणि पिवळा दोन-दोन टक्क्यांनी कमीजास्त करून पंचवीसेक चौकोन छापा. पूर्ण सुकू द्या. लॅमिनेशन होणार असेल तर तेही चढवा. मग शेडकार्डाशी ताडून बघा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नव्हे, ५००० केल्विनच्या दिव्याखाली. मोजायचं यंत्र असेल तर डेल्टा ई दोनच्या आत आणा. मग फरक सहसा चटकन डोळ्यात भरत नाही.

आणि काही रंग चार शायांत बसतच नाहीत. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाचे पिवळे-लाल बॅनर आपण बिनघोर छापतो. पिवळी शाई मशीनमध्ये आहेच, तिच्यात मॅजेंटा मिसळला की लाल निघतो. गणपतीतला झळझळीत भगवा मात्र रडवतो. ०२१ हा त्याचाच भाऊ. शेवटी ते काम मी नारिंगी शाई असलेल्या दुसऱ्याच्या मशीनवर करून घेतलं.

माझी खरी चूक ही, की गिऱ्हाइकाला हे आधी सांगितलं नाही. वीतभर व्हिनाइल वाचवायला गेलो आणि अख्खा रोल गेला. आता नमुन्यावर सही झाल्याशिवाय मी मशीन सुरू करत नाही. तुम्हीही करू नका.