परीक्षा क्रमांकापलीकडचा विद्यार्थी



प्रवेशाचे दिवस आले की महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यापीठाच्या गावी एक दृश्य हमखास दिसते. मेळघाटातून, माणदेशातून किंवा कोकणातील एखाद्या वाडीतून आलेला मुलगा कागदांची पिशवी छातीशी धरून एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे फिरत असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज एका खिडकीत, वसतिगृहाची यादी दुसरीत. प्रत्येक ठिकाणी त्याचा क्रमांक विचारला जातो. त्याची विचारपूस मात्र क्वचितच होते.

यात त्या कारकुनाचा दोष फार थोडा आहे. दोष आहे तो व्यवस्थेच्या जन्मातच. 1857 साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे इंग्रजांनी जी विद्यापीठे स्थापली, ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, म्हणजे केवळ परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी. अध्यापनाचा अधिकार त्यांना 1904 च्या कायद्याने मिळाला. विद्यार्थी कोठे राहतो, काय खातो, आजारी पडला तर त्याच्या उशाशी कोण बसते, हे प्रश्न त्या यंत्रणेच्या कक्षेतच नव्हते. प्रशासन म्हणजे परीक्षा, हे समीकरण तेथूनच आपल्याकडे रुजले.

वस्तुतः या भूमीची परंपरा निराळी होती. सातव्या शतकात नालंदेत राहिलेल्या इत्सिंग या चिनी यात्रेकरूने गुरु-शिष्यांच्या दिनक्रमाचे तपशीलवार वर्णन केले आहे. शिष्य आजारी पडला तर आचार्य स्वतः त्याची शुश्रूषा करीत, औषध आणून देत आणि त्याला पोटच्या मुलाप्रमाणे जपत, असे तो नमूद करतो. विद्यादान आणि विद्यार्थ्याचे पालन ही तेथे दोन वेगळी खाती नव्हती.

आधुनिक महाराष्ट्रात हा धागा पुन्हा जोडला गेला, पण तो विद्यापीठाच्या बाहेर. 1901 साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांच्या कार्यास आरंभ केला. त्याच कोल्हापुरातील एक प्रसंग कर्मवीर भाऊराव पाटलांच्या चरित्रांत नोंदलेला आहे. अस्पृश्य मुलांसाठी उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला विद्यार्थी भाऊराव उपस्थित राहिले. परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना स्वतःच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले. पुढे 1924 साली याच भाऊरावांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह उभारले. ते चालावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. समरसता हा शब्द रूढ होण्यापूर्वी ती तेथे रोज जगली जात होती.

या प्रसंगाचा एक अर्थ आपण नेहमी सांगतो, तो भाऊरावांच्या बाणेदारपणाचा. दुसरा सहसा सांगत नाही. वसतिगृह चालवणाऱ्यांच्या एका संकुचित निर्णयाने एक विद्यार्थी रस्त्यावर आला. तो भाऊराव होता म्हणून त्यातून संस्था उभी राहिली. पण प्रत्येक विद्यार्थी भाऊराव नसतो, आणि प्रत्येक वसतिगृहाला लक्ष्मीबाई लाभत नाहीत.

2021-22 च्या केंद्रीय सर्वेक्षणानुसार देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या सुमारे 4 कोटी 33 लाख होती. एवढ्या मोठ्या समुदायाचे कुशलक्षेम योगायोगाने भेटणाऱ्या सज्जनांवर सोपवता येईल काय? 2022 या एका वर्षात देशातील 13,044 विद्यार्थ्यांनी जीवन संपवल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. त्यात शाळकरी मुलेही आहेत, आणि अशा घटनेमागे एकच एक कारण कधीच नसते, हे खरे. तथापि मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृती दल नेमावे लागले, यातच सर्व आले.

अमेरिकेने या कामाला स्वतंत्र शास्त्राचे रूप दिले. तेथील विद्यापीठांत मुली शिकू लागल्या तेव्हा त्यांच्यासाठी स्त्री-अधिष्ठाता नेमल्या गेल्या. 1903 साली शिकागो येथे या स्त्रिया एकत्र जमल्या आणि आपल्या कामासाठी शिक्षण हवे असा विचार बळावला. पुढील दशकात न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात त्यांच्यासाठी पदव्युत्तर अभ्यास सुरू झाला. 1937 साली अमेरिकन शिक्षण परिषदेने, विद्यार्थ्याचा विचार केवळ बुद्धीपुरता न करता समग्र व्यक्ती म्हणून करावा, अशी भूमिका मांडली. आज तेथील अनेक विद्यापीठांत उच्च शिक्षण प्रशासन व विद्यार्थी व्यवहार या विषयात साधारण दोन वर्षांची पदवी घेता येते. तारुण्यातील जडणघडण, समुपदेशन, कायदा, अर्थव्यवहार हे विषय आणि जोडीला वसतिगृहात किंवा विद्यार्थी कार्यालयात प्रत्यक्ष काम, असे तिचे स्वरूप असते. विद्यार्थी शिक्षण का सोडतो, याचा विचार करताना व्हिन्सेंट टिंटो या अभ्यासकाने 1975 साली दाखवले की, प्रश्न केवळ कुवतीचा नसतो. आपण या संस्थेचे आहोत ही भावना रुजली नाही तरी पाऊल बाहेर पडते.

तेथील कायद्याचा पाठही मोलाचा आहे. 1960 साली अलाबामातील काही कृष्णवर्णीय विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले. बाजू मांडण्याची संधी न देता त्यांना महाविद्यालयातून काढण्यात आले. 1961 साली अपील न्यायालयाने बजावले की, नोटीस आणि सुनावणीविना सरकारी महाविद्यालयाला असे करता येणार नाही. कोल्हापूर आणि अलाबामा यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे. विद्यार्थ्यावरील अन्यायाची जात मात्र एकच.

आपल्याकडे काहीच नाही असे नव्हे. 1969 पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे. महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद केली. शैक्षणिक नियोजन व प्रशासनाचे अभ्यासक्रमही आहेत. परंतु त्यांचा भर नियोजन, अर्थकारण आणि व्यवस्थापनावर राहतो. महाविद्यालयातील विद्यार्थी विकास अधिकारी हा तास घेऊन उरलेल्या वेळात अतिरिक्त कार्यभार वाहणारा प्राध्यापक असतो. रेक्टर नेमताना शिस्त राखेल की नाही एवढेच बहुधा पाहिले जाते. शिक्षकाला बी. एड. लागते, ग्रंथपालाला ग्रंथालयशास्त्राची पदवी लागते. शेकडो कोवळ्या मनांचा सांभाळ करणाऱ्या रेक्टरला मात्र कोणतेच प्रशिक्षण लागू नये?

म्हणून आपल्या विद्यापीठांनी हा विषय पदव्युत्तर पातळीवर, मराठीतून आणि आपल्या अनुभवाच्या पायावर सुरू करावा. अमेरिकेची पद्धत अभ्यासावी, पण तिची नक्कल नको. साताऱ्याचे वसतिगृह, पुण्यात 1955 पासून ग्रामीण विद्यार्थ्यांना आधार देणारी विद्यार्थी साहाय्यक समिती, ही आपली पाठ्यपुस्तके ठरावीत. विद्यार्थी चळवळीत उमेदीची वर्षे दिलेल्या कार्यकर्त्यांना याहून स्वाभाविक कार्यक्षेत्र कोणते? शिक्षणसंस्थांच्या चालकांनी आपला एक रेक्टर तरी प्रशिक्षणासाठी मोकळा करावा. आणि पालकांनी प्रवेश घेताना शुल्काबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: आमच्या मुलाला रात्री दोन वाजता गरज पडली, तर दार कोण उघडेल?

ते दार उघडणारा माणूस कळवळ्याचा हवाच. पण तो तयारीचाही हवा. कळवळा ही आपली परंपरा आहे. तयारी हे आपल्या पिढीचे कर्तव्य आहे.