आधी दात दाखवा
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



शनिवारी प्रार्थना झाली की बाई आमची नखं आणि दात बघायच्या. मी बहुतेक वेळा वर्गाबाहेर उभा. गेली तीस वर्षं मी लोकांचे दात बघतोय. बाई, हिशेब चुकता झाला असं समजा.

पण आज मला बोलायचंय माझ्या आत्याबद्दल. आत्या मिश्री लावायची. आपल्यापैकी किती जणांच्या घरात चुलीजवळ ती डबी असायची, हात वर करायला सांगत नाही! तिला गालाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन ठरलं. तिने मला विचारलं, "अरे, दोन दाढा ठणकतात, त्यांचं काय करू?" मी नुकताच डॉक्टर झालेलो. म्हटलं, "आत्या, आधी मोठं दुखणं बघू, दातांचं मागनं."

नेमकं उलटं सांगितलं मी. रेडिएशनने लाळेच्या ग्रंथी सुकतात. लाळ नसली की दात हिरडीपाशी किडून तुटायला लागतात. जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठाही कमी होतो, मग दात काढला की जखम भरत नाही, हाड उघडं पडतं. दीड वर्षाने तिची दाढ मीच काढली. कॅन्सर परत आला नाही, पण ती जखम शेवटपर्यंत भरली नाही. आत्या मला एका शब्दाने बोलली नाही. भाकरी दुधात कुस्करून खायची.

म्हणून सांगतो, घरात कुणाला तोंडाला किंवा मानेला रेडिएशन ठरलं, तर सुरू होण्याआधी दाताच्या डॉक्टरकडे न्या. काढायचे दात निदान दोन आठवडे आधी काढलेले बरे. नंतर दहा वर्षांनी दात दुखला, तरी रेडिएशन झालंय हे आधी सांगायचं. केमो चालू असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाताला हात लावू द्यायचा नाही. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी झालेल्या असू शकतात.

तोंड येतं तेव्हा माणूस पाणीसुद्धा नको म्हणतो. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ. दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या. ब्रश अगदी मऊ. झोंबणारा, अल्कोहोलचा माउथवॉश नको; जाहिरात कितीही छान असो. फ्लोराइडचं जेल डॉक्टरांना विचारून रोज लावायचं. आणि तोंडात तीन बोटं उभी मावतात का ते बघत राहायचं. मावेनाशी झाली तर जबडा आखडतोय, लगेच व्यायाम विचारा.

मागच्या महिन्यात आपल्यातल्याच एकाचा फोन आला. रेडिएशन महिन्याभराने होतं. म्हणाला, "दातांचं नंतर बघू ना?" मी म्हटलं, "उद्या सकाळी ये." तो आला. दोन दाढा काढल्या, जखमा भरल्या, मगच त्याचे उपचार सुरू झाले.

कुणाला काही विचारायचं असेल तर जेवताना मला बाजूला घ्या. मी शेवटच्या पंगतीला आहे, सवयीने.